अनारकली सुटली म्हणता?

आपल्या चळवळीत नाटक-सिनेमांवर पुष्कळ बोललं जातं, प्रेक्षकांवर मात्र फारसं बोललं जात नाही. नाटकात बाई कशी रंगवली आहे यावर आपण परिसंवाद घेतो, निषेधाची पत्रकं काढतो. पण समोर बसलेल्या हजार माणसांनी टाळी कुठे दिली, ती हसली कुठे, गप्प कुठे राहिली, याची नोंद कुणी ठेवत नाही. मला ती नोंद जास्त मोलाची वाटते. नाटक लिहिणारे चार-पाच जण असतात. टाळी देणारे हजार जण आपापल्या घरी जातात आणि तिथे ते कुणाचे तरी बाप, आई, भाऊ, सासू असतात.

म्हणून मी हे ‘मुघल-ए-आझम’ या संगीत नाट्यप्रयोगाच्या प्रेक्षकांबद्दल लिहिते आहे. के. आसिफ यांचा चित्रपट १९६० साली आला. फिरोज अब्बास खान यांनी त्यावरून रंगमंचासाठी संगीत नाटक बसवलं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये ते पहिल्यांदा झालं. चित्रपटाला पैसा शापूरजी पालनजींचा होता, नाटकालाही त्याच समूहाचा. पुढे दिल्ली झाली, परदेश झाला, २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शहरांतून दौरा झाला. तिकीट हजारो रुपयांचं. मी ते मुंबईत पाहिलं, एका मैत्रिणीने आणलेल्या पासवर, अगदी कडेच्या खुर्चीवरून. कडेच्या खुर्चीचा एक फायदा असतो. तिथून अर्धा रंगमंच दिसतो आणि अर्धे प्रेक्षक दिसतात.

आधी चांगलं ते सांगते, म्हणजे ‘या बायकांना काहीच आवडत नाही’ असं कुणी म्हणायला नको. चित्रपटात चेहरा मधुबालाचा आणि आवाज लता मंगेशकरांचा होता. शीशमहालातल्या नाचाच्या काही अवघड गिरक्या तर मधुबालाच्या चेहऱ्याचा मुखवटा चढवलेल्या एका पुरुष नर्तकाने घेतल्या होत्या. पडद्यावरची अनारकली अशी तुकड्यांनी जोडलेली होती. रंगमंचावर हे तुकडे एकत्र आले. प्रियांका बर्वे ही आपली मराठी गायिका आणि नेहा सरगम, अशा दोघी आळीपाळीने अनारकली झाल्या. त्या स्वतः बोलल्या, स्वतः नाचल्या आणि आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ न हलवता प्रत्यक्ष गायल्या. ज्या मराठी संगीत रंगभूमीवर वर्षानुवर्षं बायकांची कामं पुरुष करत होते, बालगंधर्वांनी ज्या कामांना कळसाला नेलं, आणि जिथे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांना आपली जागा स्वतः करून घ्यावी लागली, त्या परंपरेत वाढलेल्या मला हे पाहून बरं वाटलं. हे श्रेय त्या दोघींना दिलंच पाहिजे.

आता टाळ्यांकडे येते.

पहिली मोठी टाळी महालाला पडली. कमानी, झुंबरं, झगमगते पोशाख. माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका पोशाखांची किंमत काय असेल याचा अंदाज करत होत्या. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पैसे मोजले आहेत, माणसं डोळे भरून बघणारच.

दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली. चित्रपट लोकांना इतका पाठ होता की नटाच्या आधी अर्धा क्षण प्रेक्षक वाक्य म्हणत होते. माझ्या शेजारचे गृहस्थ पूर्ण वेळ अकबर होते. मागच्या रांगेत दोन तरुण सलीम होते. अनारकलीची वाक्यं मात्र कुणी पुटपुटलं नाही. तिची गाणी सगळ्यांना पाठ, तिचं बोलणं कुणालाच नाही. हा दोष एकट्या प्रेक्षकांचाही नव्हे. चित्रपटाचे संवाद चार लेखकांनी लिहिले, चौघेही पुरुष. बापलेकांना त्यांनी तोफेसारखी वाक्यं दिली, आणि अनारकलीला शब्दांचं बळ मिळालं ते मुख्यतः गाण्यात. एरवी तिच्या वाट्याला मान खाली घालणं, थरथरणं, विनवणं आणि मूर्च्छा येणं.

तिसरी टाळी शीशमहालाची. सबंध प्रयोगातली सगळ्यात मोठी. भर दरबारात, सम्राटाच्या डोळ्याला डोळा देऊन एक दासी आपल्या प्रेमाची कबुली देते, आणि नाट्यगृहात शिट्ट्या वाजतात, वन्समोअर मागितला जातो. मीही त्या क्षणी भारावले होते. पण भोवती बघताना एक प्रश्न पडला. इथे टाळ्या वाजवणाऱ्या आईबापांच्या घरात उद्या मुलगी जेवणाच्या ताटावर म्हणाली, की मी अमक्याशी लग्न करणार आहे, तर किती जण टाळी देतील? बंड तालात असलं, घुंगरू बांधून आलं आणि आठ मिनिटांत संपलं की सगळ्यांना आवडतं. तेच बंड साध्या आवाजात, आडनाव आणि जात सांगत आलं की ताट भिरकावलं जातं.

चौथी प्रतिक्रिया टाळीची नव्हती. ती बहारसाठी होती. बहार ही महालातली दुसरी दासी, सलीमवर आणि मल्लिका होण्यावर डोळा असलेली. ती चुगली करते तेव्हा सभागृहातून चक् चक् असा आवाज उठला. माझ्या मागची एक बाई म्हणाली, “मेलीने घात केला पोरीचा.” मध्यंतरात चहापाशी दोघी-तिघींचं ठरूनच गेलं, की शेवटी बाईच बाईची वैरी. मैत्रिणींनो, या वाक्याला आपण किती वर्षं उत्तर देतो आहोत! मृत्यूची शिक्षा कोण देतो? अकबर. साखळदंड कोण घालतो? अकबराचे शिपाई. पण राग निघतो बहारवर, कारण तिच्यावर राग काढणं स्वस्त आहे. त्या महालातल्या बायका बघा. महाराणी जोधा (चित्रपटात आपल्या दुर्गा खोट्यांनी ती केली) हिला नवरा की मुलगा एवढंच निवडायला मिळतं. बहारला चुगली करूनच वर चढता येतं. अनारकलीच्या आईला पदर पसरता येतो. एका पुरुषाच्या मर्जीवर सगळ्यांचा श्वास चालतो, तेव्हा बायका एकमेकींच्या पायात पाय घालणार नाहीत तर काय करणार? हुंड्याच्या प्रत्येक प्रकरणात सासूचं नाव आधी येतं आणि सासऱ्याचं घर, सासऱ्याची जमीन, मुलाच्या नोकरीचा भाव हे सगळं मागे राहतं, ते असंच.

आणि मग पाचवी टाळी. माझं खरं भांडण तिच्याशी आहे.

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नीट आठवू या. अनारकलीला भिंतीत जिवंत चिणण्याची शिक्षा होते. तिची आई अकबरासमोर येते आणि जुन्या वचनाची आठवण देते. सलीमच्या जन्माची बातमी तिने आणली होती, तेव्हा खूश होऊन सम्राटाने तिला माग ते देईन म्हटलं होतं. ते वचन पाळायला अकबर अनारकलीला गुपचूप सोडतो. भुयारातून मायलेकी राज्याबाहेर जातात. अट अशी, की ती जिवंत आहे हे सलीमला कधी कळता कामा नये. जगासाठी ती भिंतीत मेली. जाता जाता सम्राट तिला समजावतो, की आपण प्रेमाचे शत्रू नाही, तत्त्वांचे गुलाम आहोत.

इथे सभागृहात एक मोठा सुस्कारा पडला आणि पाठोपाठ टाळ्या. “सुटली बाई एकदाची,” असं माझ्या पुढचीने शेजारणीला म्हटलं. बाहेर पडताना जिन्यावर जे ऐकू आलं ते बहुतेक अकबराबद्दल होतं. केवढा न्यायी, केवढा मोठ्या मनाचा, बाप आणि राजा यांच्यात बिचाऱ्याची कशी कोंडी झाली!

बिचारा कोण, तर हिंदुस्थानचा बादशहा. मरणाच्या दारातून ढकलून दिलेल्या मुलीबद्दल एकच शब्द, सुटली.

काय सुटली? तिला प्रेम करायची बंदी कायम आहे. तिला तिच्या नावाने जगायची बंदी आहे. ते नावही तिचं नव्हतं. ती नादिरा होती, अनारकली हे नाव सम्राटाने खूश होऊन ठेवलेलं. ज्याने नाव दिलं त्यानेच ते पुसलं. पहिल्यांदा ती आपल्याला दिसते ती पुतळा म्हणून, आणि जगाला शेवटची दिसते ती भिंतीत जाताना. मधल्या वेळात तिने स्वतः एक निर्णय घेतला, त्याची ही किंमत. आणि जीव वाचला तो कशाने? तिचा काही हक्क होता म्हणून नाही. तिच्या आईने कधी काळी मुलगा झाल्याची बातमी सांगितली म्हणून. मुलगा झाल्याच्या बक्षिसातून एका मुलीचा जीव परत मिळतो आणि आपण त्याला न्याय म्हणून टाळ्या देतो. तत्त्वांचा गुलाम असल्याचं दुःख सम्राट सांगतो कुणाला, तर जिची आणि जिच्या आईची हयात खरोखरीच्या दासीपणात गेली तिला. या ठिकाणी कुणाला हसूही आलं नाही.

कुणी म्हणेल, अहो बाई, चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, इतिहास आहे, त्याला काय करणार? तर हा इतिहास नाही. जहांगीरने स्वतः लिहिलेल्या आठवणींत अनारकलीचा उल्लेख नाही. ही दंतकथा आहे आणि तिचा शेवट सांगणाऱ्याने आपापल्या मर्जीने केलेला आहे. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये ‘अनारकली’ हे उर्दू नाटक लिहिलं, त्यात ती भिंतीत मरते. १९५३ च्या ‘अनारकली’ चित्रपटात बीना रायची अनारकलीही मरते. १९६० मध्ये के. आसिफनी तिला भुयारातून बाहेर काढलं. म्हणजे शेवट बदलता येतो, बदललेला आहे. आणि बदलला तो अशा तऱ्हेने, की मुलीचा जीवही वाचावा आणि बापाची इभ्रतही. आधीच्या शेवटात अकबर निदान खुनी तरी दिसत होता. नव्या शेवटात तो दयाळू झाला. प्रेक्षकाच्या मनावरचं ओझं उतरलं. रडायचंही आहे आणि राजावर रागवायचंही नाही, अशी दुहेरी सोय. २०१६ मध्ये नाटक करताना हीच सोय तशीच्या तशी उचलली गेली, आणि आजचा प्रेक्षक तिच्यावर तितकाच खूश आहे.

तो का खूश आहे हे मला आमच्या सल्ला केंद्रातल्या कामामुळे कळतं. तिथे येणाऱ्या मुलींच्या घरात हाच शेवट रोज होतो. जीव घेणारे आईबाप आहेतच, त्यांची बातमी होते. पण त्याहून कितीतरी जास्त आईबाप अकबर असतात. मुलीने जातीबाहेर, धर्माबाहेर मन गुंतवलं की तिचा फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं, आणि एक दिवस ती मामाच्या गावी जाते. मुलाला निरोप मिळतो, तिचं लग्न झालं, विसर. किंवा मुलगी लग्न करून निघून गेली तर घरात तिच्या नावाने आंघोळ केली जाते. जिवंत मुलीचं श्राद्ध घातल्याचंही आपण ऐकलेलं आहे. आमच्यापुरती ती मेली, असं सांगताना बापाचा आवाज भरून येतो आणि सगळं गाव त्याचं सांत्वन करायला जमतं. आम्ही तिला मारली नाही, हे उपकार म्हणून सांगितलं जातं. “जिवंत सोडली हेच खूप,” हे वाक्य मी सुशिक्षित बापांच्या तोंडून ऐकलं आहे. नाट्यगृहातली ती टाळी याच वाक्याला पडलेली असते.

त्याच २०१६ साली, या नाटकाच्या सहा महिने आधी, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्याचे प्रेक्षकही आठवा. गाण्याला लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले, शिट्ट्या वाजल्या, चिल्लर उधळली गेली. शीशमहालाला मिळाली तशीच दाद. मग शेवट आला आणि सगळं थिएटर मुकं झालं. दिवे लागल्यावरही माणसं उठेनात. कारण त्या शेवटात कुणी दयाळू सम्राट नव्हता. माहेरची माणसं साडीचोळी घेऊन येतात आणि मारून जातात. तिथे प्रेक्षकाला टाळी वाजवून मोकळं होता आलं नाही. आपणच नाचलो आणि आपल्यातल्याच कुणीतरी मारलं, हे त्याला घरी घेऊन जावं लागलं. मला ती शांतता टाळीपेक्षा प्रामाणिक वाटते. ‘सैराट’ पाहून गावोगावचे आईबाप बदलले असा दावा मी करणार नाही. पण निदान कुणी जिन्यावर ‘बिचारा बाप’ म्हणालं नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो मुलीच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंग खटल्यात आणि २०१८ मध्ये शक्तिवाहिनीच्या याचिकेवर स्वच्छ सांगितलं, की सज्ञान व्यक्तीला आपला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे आणि त्यात घर, जात, पंचायत यांनी ढवळाढवळ करायची नाही. न्यायालय हक्क हा शब्द वापरतं. पण सरकारांना दयाळू बाप व्हायची हौस सुटत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. ती कचेरीच्या भिंतीवर लागली की मुलीच्या भावांना पत्ता शोधत हिंडावं लागत नाही. आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुली आणि त्यांची माहेरं यांच्यावर नजर ठेवायला समन्वय समिती नेमली. आधी त्यात आंतरजातीय लग्नंही होती, ओरड झाल्यावर दोन दिवसांत ती वगळली. समितीचं म्हणणं काय, तर दुरावलेल्या मुलींची काळजी. सज्ञान बाईने लग्न केलं आणि तिची चौकशी करायला मंत्र्यांची समिती! दरबार बदलला, सिंहासनावरचा आव तोच.

मधुबालाचं स्वतःचं आयुष्यही या गोष्टीपासून लांब नव्हतं. ‘नया दौर’च्या बाहेरगावच्या चित्रीकरणाला तिने जायचं की नाही हे तिच्या वडिलांनी ठरवलं आणि १९५७ मध्ये ते प्रकरण कोर्टात गेलं. हृदयाला छिद्र असताना तिने ‘मुघल-ए-आझम’साठी खरे लोखंडी साखळदंड अंगावर वागवले. १९६९ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ती गेली. तिच्या सौंदर्यावर अजून लेख येतात. त्या साखळदंडांचं वजनसुद्धा कौतुकाने सांगितलं जातं. ते वागवणाऱ्या बाईला काय झालं असेल हे क्वचितच कुणी विचारतं.

हे नाटक पाहिल्यावर मी वस्तीतल्या आमच्या गटात तोच चित्रपट दाखवायचा ठरवला. पंचवीसेक बायका होत्या, बहुतेक घरकाम करणाऱ्या. शीशमहालाला त्यांनीही टाळ्या दिल्या, दोघी उठून नाचल्याही. बहारला शिव्या त्यांनीही घातल्या. पण भुयाराच्या प्रवेशाला कुणी सुस्कारा टाकला नाही. दिवा लावल्यावर चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई म्हणाली, “ते ठीक हाय. पण त्या दोघी गेल्या कुठं? खाल्लं काय? म्हाताऱ्या आईला अन् पोरीला कुनी घर दिलं का?” मग दुसरी म्हणाली, “अन् ह्यो सलीम? यानं एकदा तरी हुडकली का?” दोन तास आम्ही त्यावर बोललो. पोरीला घराबाहेर काढल्यावर ती कुठे राहिली, भाडं कुणी भरलं, कागदपत्रं कुणाकडे अडकली, पोलीस चौकीत कोण सोबत गेलं, हे एकेकीने आपल्या घरातलं सांगितलं. हजारो रुपयांच्या तिकिटाच्या सभागृहात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. तिथे अनारकली भुयारात शिरली की गोष्ट संपते. या बायकांना ठाऊक होतं, की खरी गोष्ट भुयाराच्या पलीकडल्या तोंडापासून सुरू होते.

मी हे नाटक बंद पाडा म्हणत नाही. बंदीची भाषा आपली नव्हे. भरपूर कष्टाने उभं केलेलं नाटक आहे, गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींना त्यातून काम मिळालं. माझं मागणं प्रेक्षकांकडे आहे, आणि आधी आपल्याकडे. गटागटाने नाटक-सिनेमे बघा आणि जाताना एक वही न्या. टाळी कुठे पडली, हशा कुठे पिकला, राग कुणाचा आला, ते लिहून आणा. मग बसून विचारा, की आपण ही टाळी का दिली, कुणाच्या बाजूने दिली. मुलींसोबत, मुलग्यांसोबतही हे करा. कोणत्याही भाषणापेक्षा ती वही जास्त शिकवेल.

आणि एखाद्या घरातला बाप डोळे पुसत सांगू लागला, की आम्ही तिला जिवंत सोडली, तर त्याच्या मोठेपणाला मान डोलावू नका. ती कुठे आहे ते विचारा. तिचा फोन, तिची सर्टिफिकेटं, तिचं आधार कार्ड कुणाकडे आहे ते विचारा. ती स्वतःच्या तोंडाने बोलेपर्यंत ती सुटली असं म्हणू नका. जीव ही कुणी बक्षीस द्यायची वस्तू नाही. तो तिचा होता, तिचाच आहे.